चाखणं आणि चखणा: ऑस्ट्रियन वाइनच्या पहिल्या संध्याकाळचे नेहमीचे प्रश्न

व्हिएन्नातल्या आमच्या घरी दर दोन-तीन महिन्यांनी आठ जण जमतात. सहा ऑस्ट्रियन वाइन, सोबत खारं, आणि तीन तास गप्पा. येणारे बहुतेक मराठी. कुणी नोकरीसाठी नुकतं आलेलं, कुणी शिकायला, कधी कुणाचे आई-बाबा उन्हाळ्याचे तीन महिने राहायला आलेले. निरोप गेला की फोन सुरू होतात, आणि प्रश्न दर वेळी तेच. म्हणून एकदाचे लिहून काढले.

मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही. येऊ का?

तुमच्यासाठीच तर आहे. खरी पंचाईत सगळं कळणारा आला की होते. तो पहिल्या घोटाला जर्दाळू, ओला दगड, आणि कसलीशी फुलं सुरू करतो आणि बाकीचे सात जण गप्प बसतात.

आमच्याकडे पहिल्या ग्लासला एकच प्रश्न असतो: तोंडाला पाणी सुटलं का? ऑस्ट्रियातल्या पांढऱ्या वाइनचा जीव आंबटपणात आहे. चिंच, आमसूल, कैरी, लिंबू यांवर वाढलेल्या जिभेला आंबटाच्या छटा शिकवाव्या लागत नाहीत, फक्त लक्ष द्यावं लागतं. शब्द आपलेच वापरा. एकाने ‘पेरूची साल’ म्हटलं होतं, एकीने ‘कैरी फोडल्यावर सुरीला येतो तो वास’. दोन्ही चपखल होते.

ऑस्ट्रियाच का? वाइन म्हटली की फ्रान्स ना?

पहिलं कारण सरळ आहे, आम्ही इथे राहतो. शहराच्या हद्दीतच पाचशेहून जास्त हेक्टर द्राक्षमळे आहेत. ‘डी’ नंबरची ट्रॅम नुसडॉर्फला संपते, तिथून चढ चढायला लागलं की वीस मिनिटांत दोन्ही बाजूंना वेली. राजधानीच्या शहरात बागकामाची हौस म्हणून चार वेली लावणं वेगळं. इथे त्यावर घरं चालतात.

दुसरं कारण हवामानाचं. देशात मिळून साधारण ४४,००० हेक्टर मळे, आणि ते जवळजवळ सगळे पूर्वेला, कारण पश्चिमेला आल्प्स आहे. पूर्वेला हंगेरीच्या सपाट मैदानावरून गरम वारा येतो, रात्री डोंगरातली थंडी उतरते. दिवसा द्राक्ष पिकतं, रात्रीच्या गारव्याने त्यातला आंबटपणा टिकतो. नाशिककडची मंडळी हे ऐकून मान हलवतात. तिथेही थंडीतल्या रात्रींवरच सगळं अवलंबून असतं.

आणि तिसरं, माझं स्वतःचं मत: ही वाइन नुसती प्यायला फारशी प्रेमळ नाही. रिकाम्या तोंडाने घेतली तर पहिला घोट टोचतो. सोबत खारं आलं की तीच वाइन जागेवर बसते. म्हणून आमच्या संध्याकाळीत चखणा हा तोंडी लावण्यापुरता नसतो, चाखण्याचा निम्मा भाग तोच असतो.

या वाइनची नावं म्हणायची कशी?

जमेल तशी. तरी: ग्र्यूनर फेल्टलीनर (लिहिताना ‘व्ही’ असला तरी तोंडातून ‘फ’), त्स्वायगेल्ट, ब्लाउफ्रेंकिश, गेमिश्टर झात्स, आणि रीसलिंग. रीसलिंगला ‘रायस्लिंग’ म्हणू नका, दुकानदार सुधारतातच.

कोणत्या सहा वाइन, आणि कोणत्या क्रमाने?

क्रमाचा नियम जेवणासारखाच: हलक्यापासून जडाकडे, पांढऱ्यापासून लालकडे, गोड शेवटी.

पहिली व्हिएन्नाची गेमिश्टर झात्स. एकाच मळ्यात वेगवेगळ्या जातींच्या वेली मिसळून लावलेल्या असतात, सगळ्यांची द्राक्षं एकत्रच तोडायची आणि एकत्रच आंबवायची. काही जाती पुरत्या पिकलेल्या, काही जरा कच्च्या, ते सगळं एका पिंपात. पूर्वी हा शेतकऱ्याचा विमा होता: अवेळी थंडीने एक जात गेली तरी दुसरी हाती लागायची. २०१३ पासून याला संरक्षित नाव आहे. किमान तीन जाती हव्यात आणि कुठलीही एक निम्म्याहून जास्त चालत नाही. आपल्याकडे मिश्र धान्यांची भाजणी असते तसं, पण भाजणीत प्रमाण आपण ठरवतो, इथे मळा लावणाऱ्या आजोबांनी ठरवलेलं असतं.

दुसरी ग्र्यूनर फेल्टलीनर, वाइनफिअर्टेल या उत्तरेकडच्या भागातली. देशातल्या एकूण लागवडीपैकी जवळपास एक तृतीयांश ही एकच जात आहे. हिच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे.

तिसरी रीसलिंग, वाखाऊची. डॅन्यूब नदीच्या काठच्या उभ्या चढावर दगडी बांध घालून मळे केलेत. हा सगळा परिसर २००० सालापासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे. कोकणातले डोंगरउतारावरचे बांध पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील, फक्त इथले फार उंच चढत जातात. वाखाऊतल्या बाटल्यांवर तीन शब्दांपैकी एक दिसतो: हलकी ती श्टाइनफेडर, मधली फेडरश्पील, जड ती स्मारागड. श्टाइनफेडर हे तिथल्या एका गवताचं नाव, फेडरश्पील बहिरी ससाण्याच्या शिकारीतला शब्द, आणि स्मारागड म्हणजे उन्हात बांधावर पडून राहणारा हिरवा सरडा. आम्ही मधली घेतो. स्मारागड किमान १२.५ टक्के अल्कोहोलची, बहुतेकदा त्याहून जास्त. तिसऱ्याच ग्लासला ती आली की पुढचं काही लक्षात राहत नाही.

चौथी त्स्वायगेल्ट, पहिली लाल. देशातली सगळ्यात जास्त लावली जाणारी लाल जात. चेरीसारखी, बिनधास्त, घशात न अडकणारी. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून देते, म्हणजे लाल वाइन ‘कडू असते’ म्हणणारेही ग्लास पुढे करतात. या नावामागे मात्र एक नकोसा भाग आहे. फ्रिट्झ त्स्वायगेल्ट यांनी १९२२ मध्ये क्लोस्टरनॉयबुर्गच्या द्राक्ष-वाइन संस्थेत सांक्ट लॉरेंट आणि ब्लाउफ्रेंकिश या दोन लाल जातींच्या संकरातून ही जात तयार केली, आणि हाच माणूस पुढे नाझी पक्षाचा सदस्य होता. त्यामुळे नाव बदलावं अशी मागणी अधूनमधून होते. रोटबुर्गर हे पर्यायी नाव कागदोपत्री आहेच, पण दुकानात त्या नावाने मागितली तर समोरचा थबकतो.

पाचवी ब्लाउफ्रेंकिश, बुर्गेनलांडमधली, हंगेरीच्या सीमेलगतची. हिला कणा आहे. जिभेवर कोरडेपणा येतो, बिनदुधाचा चहा जास्त उकळल्यावर येतो तसा. तो कोरडेपणा सालीतून आणि बियांतून येतो, त्याला टॅनिन म्हणतात.

सहावी गोड, नॉयझीडल सरोवराकाठची, ३० मिलीच. तिचाही प्रश्न खाली आहे.

दक्षिण श्टायरमार्कची सोव्हिन्यों ब्लाँ यादीत का नाही, असं जाणकार विचारतात. मला ती फार आवडते. पण तिचा वास इतका मोठ्याने बोलतो की तिच्यानंतरची वाइन मुकी वाटते. तिच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवते.

ग्र्यूनरला मिरीचा वास येतो म्हणतात. मला नाहीच आला तर?

तर काही बिघडलेलं नाही, कदाचित तुमचं नाकच तसं असेल. मिरीला जो वास असतो तो रोटंडोन नावाच्या एका संयुगाचा, आणि तेच संयुग ग्र्यूनरच्या द्राक्षातही सापडतं. गंमत म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला हा वास येतच नाही. आठ जणांत एक-दोघं असे निघतातच आणि उगाच ओशाळतात.

माझी सांगलीची मावशी मागच्या वर्षी आली होती. वाइनचं नावही तिने कधी घेतलं नव्हतं. ‘नुसता वास घे’ म्हणून ग्लास हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला, कढत चहाचा पेला धरावा तसा. डोळे मिटले. एकदा वास घेतला, ग्लास खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाली, ‘अगं, उडदाचं पापडाचं पीठ कुटताना मिरी टाकतो ना, त्याचा आहे हा.’ खोलीतल्या सगळ्यांनी आपापला ग्लास पुन्हा नाकाशी नेला. ‘पांढरी मिरी’ हा शब्द मी त्या आधी दहा वेळा सांगून झाला होता आणि तो कुणाला दिसला नव्हता.

या जातीचे आई-बाप कोण हेही अलीकडेच कळलं. एक बाजू ट्रामिनर ही द्राक्षाची जुनी जात. दुसरी बाजू बुर्गेनलांडमध्ये सांक्ट गेओर्गेन गावाजवळ २००० साली सापडलेली एक जुनी, विसरलेली वेल. डीएनए तपासल्यावर नातं जुळलं.

चखण्याला काय असतं?

आधी एक प्रयोग, मग खाणं. तिसऱ्या ग्लासला, म्हणजे रीसलिंगला, प्रत्येकाच्या ताटलीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि थोडी साखर असते. वाइनचा घोट घ्या. आता लिंबाला मीठ लावून चाटा आणि पुन्हा घोट घ्या. मघाची टोचणारी वाइन गुळगुळीत झालेली असते, फळ पुढे आलेलं असतं. मग साखर जिभेवर ठेवा, विरघळू द्या, पुन्हा घोट. आता तीच वाइन रोडकी आणि आंबटढाण लागते. बाटली तीच, ग्लास तोच. वाइनबरोबर काय खायचं याचं निम्मं शास्त्र या दोन मिनिटांत कळतं: खारट आणि आंबट खाणं वाइनला मऊ करतं, गोड खाणं तिला उघडं पाडतं.

हा धडा मी स्वतः फजिती होऊन शिकले. पहिल्यांदा लोकांना बोलावलं ते दिवाळीनंतर. उरलेली शंकरपाळी गोड होती, तरी खुसखुशीत आहेत म्हणून रीसलिंगबरोबर ठेवली. सगळ्यांनी एक एक घोट घेतला, आणि मग सगळे फार सभ्यपणे पाणी पिऊ लागले.

आता खाणं. पहिल्या दोन वाइनबरोबर मिठाच्या बारीक कुरकुरीत काड्या (इथे कुठल्याही घरी पाहुणे आले की निघतात त्याच), भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, आणि लिप्टाउअर. लिप्टाउअर हे पावाला लावायचं केशरी रंगाचं चीज. नाव स्लोव्हाकियातल्या लिप्टोव्ह प्रदेशावरून आलंय, तिथे ते मेंढीच्या दुधाच्या चीजचं करतात. इथे टोपफेन वापरतात, जे आपला चक्का आणि पनीर यांच्या मधलं काहीतरी असतं. पाव किलो टोपफेनला शंभर ग्रॅम मऊ लोणी, चमचाभर तिखट नसलेली लाल पापरिका, अगदी बारीक चिरलेला अर्धा कांदा, दोन-चार केपर्स, थोडी मोहरीची चटणी, आणि कुटलेलं क्युमल, जे दिसायला जिऱ्यासारखं पण वासाला वेगळं. रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं. ताजं लिप्टाउअर म्हणजे न मुरलेलं लोणचं. काळ्या रायच्या पावाला जाड थर लावून, वर कांद्याची पात. ग्र्यूनरबरोबर याच्याइतकं जमलेलं दुसरं काही मला अजून सापडलं नाही.

रीसलिंगबरोबर व्होरार्लबर्गचं डोंगरी चीज, बेर्गकेझे. किमान सहा महिने मुरवलेलं, बोटाएवढे तुकडे, फ्रिजमधून तासभर आधी काढलेलं.

मग केफरबोनन: मोठे जांभळे-काळे घेवड्याचे दाणे, उकडून, कच्चा कांदा आणि थोडं व्हिनेगर घालून, वरून भोपळ्याच्या बियांचं तेल. हे तेल श्टायरमार्कचं. ताटलीत गडद हिरवं, बाटलीत जवळजवळ काळं. वास खमंग, तीळ आणि शेंगदाणे एकत्र भाजल्यासारखा. तिथल्या भोपळ्याच्या बियांना टरफलच नसतं, त्यामुळे त्या सोलाव्या लागत नाहीत. पांढऱ्या शर्टवर याचा थेंब पडला तर शर्ट विसरा.

लाल वाइनबरोबर मांस खाणाऱ्यांना धुरावलेलं हॅम आणि वर किसलेलं ताजं क्रेन, म्हणजे नाकात झिणझिण्या आणणारं तिखट मूळ. न खाणाऱ्यांना लोण्यावर परतलेल्या मश्रूमचे टोस्ट. दोन्ही ब्लाउफ्रेंकिशला पुरून उरतात.

घरचा चिवडा, चकली आणली तर चालेल?

चकली आणाच. भाजणीची, फार तिखट नसलेली चकली आणि ग्र्यूनर ही जोडी मी ऑस्ट्रियन शेजाऱ्यांनाही खिलवली आहे. ते आता पिशवीच मागतात. पातळ पोह्यांचा चिवडाही गेमिश्टर झात्सबरोबर छान जातो, फक्त बेदाणे वेचून काढा आणि साखर घालू नका.

लसूण शेव, भडंग, ठेचा लावलेलं काहीही मात्र लाल वाइनपासून दूर. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो आणि टॅनिनने अजून खरखरतो. एकदा एका काकांनी हट्टाने लसूण शेवेवर ब्लाउफ्रेंकिश घेतली आणि पुढची दहा मिनिटं ते दह्याची वाटी घेऊन स्वयंपाकघरात उभे होते. तिखटच हवं असेल तर त्यासोबत किंचित गोडसर, कमी अल्कोहोलची पांढरी वाइन घ्यावी. ती आमच्या सहात नाही, पण सांगितलंत तर काढते.

मी शाकाहारी आहे. वाइन शाकाहारी असते ना?

द्राक्षाचीच असते, पण गाळताना घोळ होऊ शकतो. वाइन निवळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात, आणि तो गाळासोबत खाली बसून निघून जातो. पुष्कळ जण त्याऐवजी बेंटोनाइट नावाची माती वापरतात. काटेकोर असाल तर बाटलीवर ‘व्हेगन’ लिहिलेलं पाहा. मी शाकाहारी पाहुणे असले की तशाच आणते.

त्याहून जास्त लक्ष बाहेर खाताना ठेवायला हवं. लिप्टाउअरच्या जुन्या कृतीत खारवलेली मासोळी असते. पावावर पांढरट काहीतरी थापलेलं दिसलं तर ते लोणी समजू नका, बहुतेक डुकराची चरबी असते. ‘फेरहाकट्स’ म्हणजे बारीक चिरलेला बेकन.

बाटलीवरचं काय वाचायचं?

तीन गोष्टी. झाकणावर लाल-पांढरी-लाल पट्टी आहे का? असेल तर ती ‘क्वालिटेट्सवाइन’, म्हणजे सरकारी तपासणीतून गेलेली. लेबलवर तपासणीचा क्रमांकही असतो. दुसरं, ‘ट्रोकन’ हा शब्द. अर्थ कोरडी, म्हणजे गोड नसलेली. तिच्यात लिटरमागे ९ ग्रॅमपर्यंत साखर चालते, पण आंबटपणा त्या बेताचा असला तरच. तिसरं, ‘डीएसी’. हे एखाद्या प्रदेशाची ठरलेली चव सांगणारं नाव. पहिलं वाइनफिअर्टेलला मिळालं, २००२ च्या वाइनपासून. तिथल्या बाटलीवर डीएसी दिसलं तर आत ग्र्यूनरच असणार, दुसरं काही नाही.

आणि फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका. इथे चांगल्या चांगल्या पांढऱ्या वाइनना तेच असतं. बूच कुजकट निघण्याचा धोका नाही, आणि ओपनर शोधावा लागत नाही.

ऑस्ट्रियन वाइनमध्ये विष सापडलं होतं म्हणे?

बाबांच्या पिढीतले लोक हमखास विचारतात, कारण तेव्हा ती बातमी जगभर गेली होती. १९८५ ची गोष्ट. काही उत्पादकांनी पातळ, आंबट वाइन जास्त गोड आणि भरीव वाटावी म्हणून तिच्यात डायएथिलिन ग्लायकोल हे औद्योगिक रसायन मिसळलं होतं. उघडकीला आल्यावर निर्यात कोसळली, देशोदेशीच्या दुकानांतून बाटल्या उचलल्या गेल्या, आणि ज्यांनी काही केलं नव्हतं तेही बुडाले. त्याच वर्षी फार कडक कायदा आला. वर सांगितलेली तपासणी आणि क्रमांक यांवरचा जोर त्यातूनच आला. तोपर्यंत स्वस्त, गोडसर वाइन पिंपांनी विकण्यावर भर होता. त्यानंतरची पिढी कोरड्या, स्वच्छ वाइनकडे वळली. आज तुमच्या ग्लासात जे असतं ते एका अर्थी त्या बेअब्रूचं फळ आहे.

ग्लास कोणता, थंड किती?

एकच ग्लास पुरतो, तोंडाशी जरा निमुळता. तिसरा हिस्साच भरायचा, म्हणजे वास साठायला जागा राहते. पांढरी ८ ते १० अंश, लाल १४ ते १६. उन्हाळ्यात ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवलेली लाल वाइन इथेही २६ अंशांवर जाते आणि नुसती अल्कोहोलसारखी लागते. लाल वाइन फ्रिजमध्ये ठेवली म्हणून कुणी हसलं तर हसू द्या.

थुंकायचं असतं म्हणे. तुमच्या घरात?

टेबलावर स्टीलचं तपेलं असतं. थुंका, ओता, काहीही करा. पन्नास मिली आवडली नाही तर संपवायची सक्ती नाही. पहिल्यांदा सगळे लाजतात, चौथ्या ग्लासपर्यंत तपेलं फिरायला लागतं.

चढेल का? गाडी आणू?

पाच वेळा ५० आणि शेवटी ३०, म्हणजे २८० मिली, तीही तीन तासांत आणि खात खात. तरी ती पाव लिटरहून जास्त वाइन आहे. गाडी आणू नका. इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.५ प्रति हजार आहे आणि नव्या परवानेवाल्यांना ०.१, म्हणजे जवळजवळ शून्यच. प्रत्येक ग्लासला तेवढंच पाणी प्या. औषधं चालू असतील, पोटात बाळ असेल, तर चखण्याकडे बसा.

मी घेतच नाही. नुसती येऊ का?

या. द्राक्षाचा न आंबवलेला रस मळेवालेच विकतात, आणि आल्मडुडलर हे जडीबुटीचं सोड्यासारखं पेय १९५७ पासून या देशात मुलाबाळांपासून सगळे पितात. मीठ-लिंबाचा प्रयोग द्राक्षरसावर केला तर वेगळीच मजा येते.

शेवटची गोड वाइन एवढीशीच का?

कारण तिची बाटलीही छोटी आणि किंमतही मोठी, आणि दोन्हीला कारण आहे. नॉयझीडल हे फार उथळ सरोवर. शरदात सकाळी त्यावरून धुकं उठतं आणि मळ्यांवर पसरतं, दुपारी ऊन पडतं. या ओल-उन्हाच्या खेळात द्राक्षावर एक बुरशी बसते. एरवी बुरशी म्हणजे पीक गेलं. ही मात्र सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, आणि उरतं ते सुरकुतलेलं, राखी रंगाचं, मधासारखं गोड द्राक्ष. तो एक एक मणी हाताने वेचायचा. काठावरच्या रुस्ट गावची अशी वाइन ‘आउसब्रुख’ या नावाने शतकानुशतकं ओळखली जाते.

ती मिठाईसोबत देत नाही. निळ्या बुरशीचं खारट चीज, नखाएवढं, आणि वर एक घोट. बुरशीवर बुरशी. चीजच्या वासाने तोंड फिरवणाऱ्यांनाही एकदा एकत्र चाखायला लावते. निम्मे तरी दुसऱ्यांदा मागतात.

‘चीअर्स’ला इथे काय म्हणतात?

‘प्रोस्ट’, आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. ग्लासाकडे बघत प्रोस्ट म्हणणं इथे असभ्य मानतात. एक अपवाद: सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये श्टुर्म मिळते, अजून अर्धवट आंबत असलेला गढूळ रस. तो वाइन झालेला नसतो, म्हणून जुनी मंडळी तो डाव्या हाताने उचलतात आणि ‘मालत्साइट’ म्हणतात, जे एरवी जेवायला बसताना म्हणायचं. श्टुर्मची बाटली घरी नेताना झाकण घट्ट करू नका आणि आडवी ठेवू नका. माझ्या पिशवीतल्या एका पुस्तकाला अजून तो वास आहे.

घरी कशाला? सरळ हॉयरिगरमध्येच (मळेवाल्याच्या दारातल्या वाइनच्या खानावळीत) का नाही जात?

जातो की, पण ती वेगळी संध्याकाळ. १७८४ मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने शेतकऱ्यांना स्वतःची वाइन स्वतःच्या दारात विकायची मुभा दिली. तिथून ही प्रथा रुजली. दारावर पाइनच्या फांद्यांचा झुबका टांगलेला असला की समजायचं, चालू आहे. हॉयरिगर म्हणजे ‘यंदाची’. जागेचं नाव तेच, वाइनचंही तेच. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, नवी वाइन यंदाची होते आणि जुनी जुनी.

तिथे बाकावर बसायचं, काउंटरवरून ब्रेटलयाउझे म्हणजे लाकडी पाटावरचं थंड खाणं आणायचं, आणि वाइन ‘आख्टल’ (१२५ मिली) किंवा ‘फिअर्टल’ने (२५० मिली) मागायची. उन्हाळ्यात बहुतेक जण निम्मी वाइन, निम्मा सोडा असं गश्प्रित्स्टर पितात, आणि त्यात काहीच कमीपणा नाही. पण तिथे शेजारी शेजारी सहा ग्लास मांडून तुलना करत बसलात तर मालकीणबाई येऊन विचारतील, सगळं ठीक आहे ना?

भारतात नेता येते का?

विमानतळावर करमुक्त २ लिटर, म्हणजे साध्या दोन बाटल्या. चेक-इन बॅगेत, साडीत किंवा टॉवेलात गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. मे महिन्यात घरी पोचेपर्यंत गाडीच्या डिकीत ठेवू नका.

उरलेल्या बाटल्यांचं काय होतं?

आठ जणांत ४०० मिली जाते, जवळजवळ निम्मी उरते. झाकण लावून फ्रिजमध्ये, लालही. तीन दिवस चांगली राहते. ग्र्यूनर दुसऱ्या दिवशी कधी कधी जास्त छान लागते, म्हणून मी ती कुणाला नेऊ देत नाही.

येताना काय आणू?

बाटली नको. फुलं नको, ग्लासात त्यांचाच वास येतो. अत्तर लावून येऊ नका, त्याच कारणाने. कुणी गावाहून आलेलं असेल तर उडदाचे पापड आणा, मिरी सढळ घातलेले. गॅसवर भाजायचे, तळायचे नाहीत. दुसऱ्या ग्लासाच्या वेळी लागतील.